जुने पितळी डबे : घ्यावेत की न घ्यावेत?

अमेरिकेतील ओहायो राज्यात राहणाऱ्या आमच्या भाच्याचा एका रविवारी सकाळी फोन आला. "मामा, तुम्ही धातूंवर काम करता ना? मग मला सांगा, पन्नास-साठ वर्षांपूर्वीचे पितळ विकत घ्यावे का?"

प्रश्न भांड्यांचा असेल असे आम्हाला वाटले. पण तो होता आगगाडीच्या डब्यांचा. त्याच्या गावातील एक वृद्ध छांदिष्ट गृहस्थ वारले होते आणि त्यांच्या पत्नी घरातील संग्रह विकत होत्या. त्यात पितळेचे सहा प्रवासी डबे होते. प्रत्येक डबा जवळजवळ फूटपट्टीएवढा लांब. सहा डब्यांचे मिळून नऊशे डॉलर. बाईंनी ते पंधरा दिवस राखून ठेवण्याचे कबूल केले होते, शिवाय घरी येऊन हवे तसे पाहण्याची मुभाही दिली होती. भाच्याच्या तळघरात एका मोठ्या टेबलावर रूळ मांडलेले आहेत. तेथे आपल्या नऊ वर्षांच्या मुलीबरोबर ही गाडी चालवावी असे त्याच्या मनात होते. नऊशे डॉलर ही रक्कम त्याच्या दृष्टीने लहान नव्हती.

आम्हाला आगगाड्यांच्या प्रतिकृतींचा छंद नाही. पण "घ्यावे का?" हा प्रश्न जसाच्या तसा कोणत्याही मोजपट्टीने सुटणारा नाही, एवढे आम्हाला ठाऊक होते. अशा प्रश्नाचे लहान लहान तुकडे करावे लागतात, आणि प्रत्येक तुकडा असा असावा लागतो की त्याचे उत्तर पाहून, तोलून किंवा मोजून देता येईल. पुढील पंधरा दिवस आम्ही दोघांनी मिळून हेच केले. त्यासाठी लागलेले विज्ञान आठवी-नववीच्या पुस्तकापलीकडचे नाही, म्हणून ते येथे मांडत आहोत.

पितळच का?

प्रथम या वस्तूची थोडी ओळख करून घेऊ. हे डबे 'एचओ' नावाच्या प्रमाणातील आहेत. या प्रमाणात खऱ्या गाडीचा एक फूट म्हणजे प्रतिकृतीतील ३.५ मिलिमीटर, म्हणजे सुमारे ८७ पट लहान. जगात बऱ्याच ठिकाणी रुळांमधील अंतर १४३५ मिमी असते. त्याला ८७ ने भागले की १६.५ मिमी येते आणि या प्रतिकृतींचे रूळ तेवढ्याच अंतरावर असतात. आपल्या ब्रॉड गेजचे १६७६ मिमी याच प्रमाणात बसवायचे तर ते अंतर १९ मिमीच्या वर जाईल.

भाच्याला मिळत असलेले डबे 'कॅलिफोर्निया झेफिर' या गाडीचे होते. ही गाडी १९४९ ते १९७० या काळात शिकागोहून पश्चिम किनाऱ्यावरील ओकलंडपर्यंत धावत असे. तिचे डबे स्टेनलेस स्टीलचे होते. त्यांना रंग दिलेला नसे, बाजूंना आडव्या पन्हळी असत आणि काही डब्यांच्या छतावर डोंगरदऱ्या पाहण्यासाठी काचेचे घुमट असत.

मग स्टीलच्या गाडीची प्रतिकृती पितळेची कशासाठी? प्लास्टिकचा डबा करायचा तर आधी पोलादी साचा करावा लागतो. साचा महाग असतो, त्यामुळे हजारो नग खपणार असतील तरच तो परवडतो. थोडेच नग हवे असतील तर पितळेचा पत्रा कापून, दाबून, वाकवून आणि डाख देऊन हाताने बनवणे सोयीचे पडते. पितळ म्हणजे तांबे व जस्त यांचा मिश्रधातू. पत्र्याच्या पितळेत तांबे साधारणपणे ६५ ते ७० टक्के असते. ते सहज दबते, लोखंडासारखे गंजत नाही आणि कथिल-शिशाचा डाख, म्हणजे सोल्डर, त्याला चांगला धरतो. हा डाख २०० अंश सेल्सिअसच्या आतच वितळत असल्याने साध्या हत्यारांनी काम होते. ॲल्युमिनियम स्वस्त व हलके खरे, पण त्याच्यावरील ऑक्साइडच्या चिवट थरामुळे त्याला असा सहज डाख देता येत नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतर अशी कामे करणारे कुशल कारागीर जपानमध्ये होते. १९४९ ते १९७१ या काळात एका डॉलरचा दर ३६० येन असा बांधलेला होता, त्यामुळे अमेरिकन ग्राहकाला जपानी हाताचे काम स्वस्त पडे. अमेरिकेतील आयातदार आराखडे व छायाचित्रे पाठवीत आणि जपानी कार्यशाळा नग बनवून देत. १९७१ नंतर येन महाग होत गेला. १९९५ साली तर डॉलरला ८० येनच्या आसपास भाव गेला होता. मधल्या काळात हे काम दक्षिण कोरियाकडे आणि पुढे चीनकडे सरकले. त्याच सुमारास प्लास्टिकचे साचेही इतके सुधारले की बारीक तपशिलासाठी पितळच हवे असे उरले नाही.

यातून पहिला निष्कर्ष निघतो. डबा जुना आहे, पितळेचा आहे, हाताने केलेला आहे आणि दुर्मिळ आहे, हे सारे खरे असू शकते. पण यांपैकी एकाही गोष्टीवरून तो आपल्या कामाचा आहे असे सिद्ध होत नाही.

तपासण्याचा क्रम

आम्ही भाच्याला एकच अट घातली. ज्या तपासणीने वस्तूत काहीच बदल होत नाही ती आधी करायची. ज्या तपासणीने बदल होतो ती वस्तू स्वतःची झाल्याशिवाय करायची नाही. म्हणजे प्रथम पाहणे, मग तोलणे, मग रुळावर सोडून देणे, मग वीज. घासणे, धुणे, रंगवणे हे सगळे नंतर.

पाहण्यासाठी एक भिंग व लहान टॉर्च पुरे. पहिली नजर खोक्याकडे टाकावी. जुन्या खोक्यांत पुष्कळदा पिवळसर स्पंज असतो. हा पॉलियुरेथेनचा फेस हवेतील ऑक्सिजन व ओलावा यांमुळे कालांतराने सुटतो, त्याचा चिकट भुगा होतो आणि तो डब्याच्या वार्निशला चिकटून बसतो. भाच्याला दोन खोक्यांत असा भुगा आढळला. तो अजून डब्याला चिकटलेला नव्हता.

मग डब्याचा पृष्ठभाग. न रंगवलेल्या पितळेवर कारखान्यातच पातळ पारदर्शक वार्निश दिलेले असते. ते जेथे झिजते तेथे पितळ तपकिरी-काळे पडते. हा ऑक्साइड व सल्फाइडचा पातळ थर असतो. तो दिसायला वाईट असला तरी धोक्याचा नसतो. सांध्याजवळ हिरवट जंगाल दिसला तर डाख देताना वापरलेले रसायन नीट धुतले गेले नव्हते असे समजावे. हे रसायन पुष्कळदा आम्लधर्मी असते व हवेतला ओलावा धरून ठेवते. लालसर डाग दिसले तर तेथील जस्त निघून जाऊन मागे तांबे उरले आहे अशी शंका घ्यावी. पूर्वी कोणी आम्लाने घासले असले तरी असे होऊ शकते.

तिसरी गोष्ट म्हणजे फटी. येथे आम्ही भाच्याला विशेष सावध केले, कारण फटी दोन प्रकारच्या असतात. पहिला प्रकार म्हणजे दोन भागांमधील डाख सुटणे. हा दोष दिसतो मोठा, पण पुन्हा डाख दिला की तो जातो. दुसरा प्रकार म्हणजे सलग पत्र्यालाच केसासारखा तडा जाणे. हा दिसतो क्षुल्लक, पण त्याचे कारण खोल असते.

तबेल्यातील काडतुसे

या दुसऱ्या प्रकाराची गोष्ट आपल्या देशाशी निगडित आहे. ब्रिटिश अमलात हिंदुस्थानातील सैन्याजवळ पितळेच्या नळ्यांची काडतुसे असत. पावसाळ्यात ती घोड्यांच्या तबेल्यांत ठेवली जात. पावसाळा संपल्यावर बाहेर काढली की त्यांतील कित्येकांना तडे गेलेले दिसत. कोणी त्यांना हात लावलेला नसे की ती कोठे आपटलेलीही नसत. या प्रकाराला 'मोसमी तडे' असे नाव पडले. त्याचा उलगडा मूर, बेकिन्सेल व मॅलिन्सन या संशोधकांनी १९२१ साली केला.

काडतुसाची नळी पितळ थंड असतानाच ओढून-दाबून बनवतात. त्यामुळे धातूच्या आत ताण अडकून राहतो. नळी वरून शांत दिसते, पण आतून ताणलेली असते. तबेल्यात घोड्यांच्या मुतापासून अमोनिया सुटतो. ओलाव्यात विरघळलेला अमोनिया पितळेतील तांब्याशी संयोग पावतो आणि हे काम तो धातूच्या स्फटिककणांच्या सीमांवर अधिक करतो. नुसता ताण किंवा नुसता अमोनिया इतकी हानी करीत नाही. दोन्ही एकत्र आले की तडा जातो आणि पुढे सरकत राहतो. उपायही त्यातूनच निघाला. नळी बनवल्यावर तिला माफक उष्णता देऊन आतला ताण सोडवायचा. या क्रियेला अनुशीतन म्हणतात.

आता आपल्या डब्याकडे पाहा. त्याच्या बाजूंच्या पन्हळी थंड पत्रा दाबूनच काढलेल्या असतात. म्हणजे ताण तेथे असू शकतोच. धातू चमकवण्याच्या अनेक तयार द्रवांत अमोनिया असतो. आधीच्या मालकाने हौसेने अशा द्रवाने डबा घासला असेल, तर तबेल्यातील परिस्थिती त्याने घरातच निर्माण केली असे म्हणावे लागेल. म्हणून पन्हळींच्या तळाशी, वाकवलेल्या कोपऱ्यांत आणि खालच्या कडेला भिंगातून नीट पाहावे. पत्र्याला तडा दिसला तर तो डबा चालवण्यासाठी घेऊ नये.

भाच्याला एका डब्याच्या छताचा डाख सुटलेला आढळला. दुसऱ्या एका डब्याच्या खालच्या कडेवर, पन्हळीच्या तळाशी, दोन बारीक तडे होते. उरलेले चार डबे निर्दोष दिसले.

वजनाचा हिशेब

पितळी डबे जड असतात. हा गुण की दोष? आधी किती जड ते पाहू.

खरा डबा ८५ फुटांचा, म्हणजे सुमारे २५.९ मीटर. आपला आयसीएफ डबा सुमारे २१.३ मीटर असतो, त्याहून हा चांगलाच लांब. ८७ ने भागल्यावर लांबी २९७ मिमी येते. रुंदी ३५ मिमी व उंचीही जवळपास तेवढीच धरली, तर डब्याचा घेर १४० मिमी होतो. खिडक्या वजा करून व दोन्ही टोके मिळवून पत्र्याचे क्षेत्रफळ सुमारे ४०० चौरस सेंटिमीटर धरू. पत्रा अर्धा मिलिमीटर जाड असेल तर आकारमान २० घन सेंटिमीटर. पितळेची घनता सुमारे ८.५ ग्रॅम प्रतिघन सेंटिमीटर. म्हणजे नुसत्या कवचाचे वजन १७० ग्रॅम. चाके, खालचे भाग व बारीकसारीक तपशील मिळवले की डबा ३०० ग्रॅमपर्यंत जातो. भाच्याने स्वयंपाकघरातील तराजूवर डबे तोलले तेव्हा ते २९० ते ३१० ग्रॅमच्या दरम्यान भरले. प्लास्टिकचे कवच दीड मिलिमीटर जाड केले तरी ६३ ग्रॅमच्या आसपास असते.

अमेरिकेतील 'नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशन' या १९३५ साली स्थापन झालेल्या संस्थेची या प्रमाणातील डब्यांसाठी एक शिफारस आहे. मूळ एक औंस, अधिक लांबीच्या दर इंचाला अर्धा औंस. आपल्या डब्याला या हिशेबाने सुमारे १९५ ग्रॅम पुरेत. फार हलका डबा वळणावर रुळावरून उतरतो, म्हणून तेवढे वजन हवेच. पितळी डबा त्याच्या दीडपट आहे. रुळावर तो स्थिर राहील, पण ओढणाऱ्या इंजिनाला त्याची किंमत मोजावी लागेल. किती ते पुढच्या चाचणीत कळते.

एक मीटर रुळाची चाचणी

एक मीटर लांबीचा सरळ रूळ फळीवर ठेवा. त्यावर डबा ठेवून फळीचे एक टोक हळूहळू उचला. डबा आपणहून घरंगळू लागला की थांबा व टोक किती सेंटिमीटर वर आले ते मोजा. चार सेंटिमीटर आले असेल तर डब्याला हलवण्यासाठी त्याच्या वजनाच्या सुमारे चार टक्के बल लागते. उतारावर वजनाचा जो अंश खाली ओढतो, तोच घर्षणाइतका झालेला असतो. इतक्या लहान कोनात हा हिशेब पुरेसा अचूक येतो.

भाच्याचे पाच डबे चार सेंटिमीटरला हलले आणि एक डबा सात सेंटिमीटरला. हे चार टक्के कोठून आले? जुन्या डब्यांत आसाचे टोक सुमारे २ मिमी व्यासाचे असते व ते चौकटीतील साध्या भोकात फिरते. म्हणजे घर्षण आसाच्या केंद्रापासून १ मिमी अंतरावर होते. चाकाची त्रिज्या मात्र सव्वापाच मिमी आहे. धातूवर धातूचा घर्षणांक ०.२ धरला, तर ०.२ × १ ÷ ५.२५ म्हणजे ०.०३८. चार टक्क्यांच्या अगदी जवळ! अलीकडच्या चाकांत आसाची टोके सुईसारखी निमुळती करतात. घर्षण केंद्राच्या जवळ आले की त्याची तरफ आखूड होते व डबा सहज चालतो.

आता संपूर्ण गाडीचा हिशेब करू. पाच डब्यांना प्रत्येकी ३०० ग्रॅमचे चार टक्के म्हणजे १२ ग्रॅमभार, असे ६०. सातवाल्या डब्याला २१. एकूण ८१. भाच्याच्या टेबलावर एके ठिकाणी दोन टक्क्यांचा चढ आहे. सहा डबे मिळून १८०० ग्रॅम, त्याचे दोन टक्के ३६. म्हणजे चढावर सुरुवात करायची तर ११७ ग्रॅमभार ओढ हवी. त्याचे इंजिन ४५० ग्रॅमचे आहे. चाके न घसरता इंजिन आपल्या वजनाच्या साधारण २० ते २५ टक्के ओढते, म्हणजे ९० ते ११२. चाके जागीच फिरणार! आसाची टोके बदलून प्रतिरोध दोन टक्क्यांवर आणला तर मात्र ३६ अधिक ३६, म्हणजे ७२ ग्रॅमभार पुरतो आणि गाडी चढते. तेव्हा हा दोष खर्चाचा आहे, पण दुरुस्त होणारा आहे.

वळणावर काय होते?

बोलताना आपण अख्ख्या डब्यालाच बोगी म्हणतो. खरे पाहता डब्याखालच्या चाकांच्या फिरत्या गाड्याला बोगी म्हणतात. प्रत्येक डब्याला अशा दोन बोगी असतात व डबा त्यांच्यावर टेकलेला असतो. वळणावर बोगी रुळाबरोबर वळतात, पण डबा सरळच राहतो. त्यामुळे डब्याचा मध्य वळणाच्या आतल्या बाजूला सरकतो व टोके बाहेर येतात.

हे अंतर भूमितीने काढता येते. वर्तुळात जीवा काढली की तिचा मध्य व कंस यांतील अंतर सुमारे जीवेचा वर्ग भागिले आठ त्रिज्या इतके असते. या डब्यांच्या दोन बोगींमधील अंतर सुमारे २०८ मिमी आहे. भाच्याच्या टेबलावरील वळणाची त्रिज्या १८ इंच, म्हणजे ४५७ मिमी. म्हणून २०८ × २०८ ÷ (८ × ४५७) = ११.८ मिमी. टोकांसाठी याच रीतीने पूर्ण लांबीच्या वर्गातून बोगींच्या अंतराचा वर्ग वजा करून भागाकार करावा. उत्तर १२.३ मिमी येते. डब्याची अर्धी रुंदी केवळ साडेसतरा मिमी आहे हे लक्षात घेतले म्हणजे बारा मिमी ही चूक किती मोठी ते ध्यानात येईल. शेजारच्या रुळावरील गाडीला डबा घासेल, कपलिंग एकमेकांना बाजूला ओढतील आणि बोगी वळताना डब्याखालच्या पितळी तपशिलांवर आपटतील.

३० इंची, म्हणजे ७६२ मिमी त्रिज्येच्या वळणावर हेच अंतर सुमारे सात मिमीवर येते. पण त्यासाठी दीड मीटरहून अधिक रुंद टेबल लागते. भाच्याचे टेबल चार फुटी, म्हणजे सव्वा मीटरही नाही. चाके बदलता येतील, डाख देता येईल, पण डब्याची लांबी कमी करता येणार नाही. हा दोष डब्याचा नाही आणि टेबलाचाही नाही. ही जोडी जुळत नाही, एवढेच.

पितळेतून वीज वाहते

आपट बसण्याचा आणखी एक परिणाम होतो. या गाड्यांत एक रूळ धन व दुसरा ऋण असतो आणि इंजिन दोन्हींतून वीज घेते. डब्याची चाके धातूची असतील तर दोन्ही रूळ आसामधून जोडले जाऊ नयेत, म्हणून प्रत्येक आसावरील एका बाजूचे चाक विद्युतरोधक असते. दुसऱ्या बाजूच्या चाकातून मात्र वीज आसात, आसातून बोगीत आणि बोगीतून थेट पितळी डब्यात येते. दोन्ही बोगींची रोधक चाके एकाच बाजूला असतील तर सारे ठीक चालते. कोणी दुरुस्ती करताना एक बोगी उलटी बसवली, तर सबंध डबाच दोन रुळांमधला पूल होतो व मंडल लघुपथित होते. दोन डब्यांच्या बोगी विरुद्ध दिशेने असतील तर त्यांच्या धातूच्या कपलिंगमधूनही हेच घडते.

याची परीक्षा एक सेल, एक टॉर्चचा बल्ब व दोन तारा यांनी होते. डबा वीज बंद असलेल्या रुळाच्या तुकड्यावर ठेवून दोन रुळांना तारा लावाव्यात. बल्ब लागला तर लघुपथ आहे. भाच्याच्या एका डब्याला बल्ब लागला. एक बोगी फिरवून बसवली की हा दोष जातो, त्याला खर्च नाही.

परत न फिरणारी पायरी

एक मुद्दा आम्ही मुद्दाम शेवटी ठेवला. मूळ गाडी रुपेरी, तर डबे पिवळे. ती गाडी हुबेहूब हवी तर डब्यांचे वार्निश काढून रुपेरी रंग किंवा मुलामा द्यावा लागेल. खिडक्यांना काचा नाहीत, आत आसने नाहीत. ही सारी कामे खर्चाची आहेत. शिवाय एकदा वार्निश काढले की कारखान्यातून आला तसा डबा पुन्हा कधी मिळत नाही. संग्राहकाला तो तसाच हवा असतो, तर चालवणाऱ्याला रंगवलेला. एकाच डब्याने दोघांचे समाधान होत नाही, म्हणून कोणासाठी घ्यायचा हे आधी ठरवावे लागते. डाख दुरुस्त करतानाही असेच होते. पितळ उष्णतेचे सुवाहक असल्याने एक सांधा तापवताना शेजारचा बारीक भाग गळून पडू शकतो. जुन्या डाखात शिसे असते, तेव्हा हे काम मुलांकडे देऊ नये आणि नंतर हात स्वच्छ धुवावेत.

निर्णय

पंधराव्या दिवशी भाच्याने सर्व आकडे एका कागदावर मांडले. घर्षण, लघुपथ व सुटलेला डाख हे दुरुस्त होणारे दोष. एका डब्याचे तडे न दुरुस्त होणारे. आणि वळणाची त्रिज्या सहाही डब्यांना लागू असलेली अडचण. मुलीबरोबर त्या टेबलावर चालवणे हा हेतू असेल तर उत्तर स्पष्ट होते : घेऊ नयेत. डबे वाईट होते म्हणून नव्हे. पाच डबे चांगलेच होते.

त्याने तो कागद त्या बाईंना दाखवला. तडे गेलेला डबा कोणता तेही सांगितले, कारण पुढच्या ग्राहकाला ते कळायला हवे होते. बाई म्हणाल्या की त्यांचे यजमान हे डबे घरी कधी चालवतच नसत. ते क्लबमध्ये नेत असत, तेथील वळणे मोठी आहेत. भाच्याने मग घुमटाचा एक निर्दोष डबा दीडशे डॉलरला, कपाटात ठेवण्यासाठी घेतला. तो त्याने रंगवलेला नाही. मुलीसाठी त्याने आखूड लांबीचे प्लास्टिकचे डबे आणले व ते त्या वळणावर सहज फिरतात. मोजमापांचा कागद उरलेल्या पाच डब्यांच्या खोक्यांत ठेवून दिला. पुढे ते डबे क्लबमधील कोणीतरी घेतले, तेव्हा तो कागदही त्यांच्याबरोबर गेला.

वर्गात करून पाहा

या प्रयोगांसाठी पितळी डब्यांची गरज नाही. पुठ्ठ्याची पट्टी दोन टाचण्यांवर फिरेल अशी करून वेगवेगळ्या त्रिज्यांच्या कंसांवर ठेवावी. मध्य किती आत येतो ते मोजून सूत्राशी ताडून पाहावे. कोणतीही खेळण्यातील गाडी फळीवर ठेवून उताराची चाचणी करावी. मग आसाला यंत्राच्या तेलाचा एक थेंब देऊन पुन्हा मोजावे. घरातील पितळेच्या तांब्याचा अर्धा भाग चिंच व मिठाने घासावा व दोन्ही भागांत दर आठवड्याला होणारा फरक नोंदवावा. हा प्रयोग भांड्यावरच करावा, जुन्या प्रतिकृतीवर नाही. चिंचेच्या आम्लाचा अंश सांध्यात राहिला तर तेथेच जंगाल धरतो. ज्यांना लहान गाड्या चालताना पाहायच्या असतील त्यांनी पुण्यात कोथरूडला १९९८ साली सुरू झालेले जोशी यांचे लघुरेल्वेचे संग्रहालय मुलांना दाखवावे. तेथे वळणावर लांब डबा व आखूड डबा यांच्या टोकांकडे लक्ष द्यायला सांगावे.

शाळेसाठी जुना सूक्ष्मदर्शक घ्यायचा असो की जुना तराजू, पद्धत हीच आहे. हे कशासाठी हवे ते प्रथम लिहावे. मग वस्तूला इजा न होता काय काय मोजता येईल ते लिहावे. शेवटी दोषांच्या दोन याद्या कराव्यात, दुरुस्त होणारे आणि न होणारे. किमतीचा विचार त्यानंतर करावा.